सुरीच्या मुठीतला खडा दर पावसाळ्यात का सुटतो

चैत्रात घट्ट बसवलेला खडा श्रावणात नखाने हलतो. मुठीवर हात फिरवला की कडेला बारीक रेघ लागते, टिचकी मारली की एखादा कोपरा पोकळ वाजतो आणि गणपतीच्या सुमाराला खडाच हातात येतो. परत चिकटवला तर शिमग्यापर्यंत तग धरतो आणि तेव्हा त्याच घराच्या, म्हणजे खडा बसतो त्या खोबणीच्या, कोपऱ्यातून लाकडाला चीर जाते. दगड जडवलेल्या मुठी करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. कोल्हापूरच्या हवेत ती जास्तच, कारण इथे चार महिने धो धो पाऊस आणि मार्च-एप्रिलमध्ये कोरडं ऊन, अशी दोन टोकं एकाच मुठीला सोसावी लागतात.

बहुतेक जण दोष चिकटवणाऱ्या इपॉक्सीला (राळ आणि हार्डनर मिसळून होणाऱ्या गोंदाला) देतात आणि ट्यूब बदलतात. कधी कधी दोष खरंच तिथे असतो. पण दरवर्षी त्याच मोसमात, त्याच जागी खडा सुटत असेल तर आधी लाकूड तपासा. दगड हलत नाही, लाकूड हलतं, आणि मधला केसाएवढा थर दोघांच्या ओढाताणीत तुटतो. इपॉक्सी कितीही भारी आणली तरी ही ओढाताण थांबत नाही.

सुटलेला खडा आधी उलटा करून बघा

खडा निघाला की लगेच घासून साफ करू नका. भिंग घ्या आणि खड्याची पाठ, घराचा तळ आणि घराच्या कडा नीट बघा. तुटलेला थर कुठे राहिला, यावरून कारण बऱ्यापैकी नक्की ठरतं.

थर पूर्ण खड्याच्या पाठीला आणि लाकूड कोरडं, स्वच्छ, तर लाकडाने इपॉक्सी धरलीच नव्हती. शिसव आणि साग ही दोन्ही तेलकट लाकडं. घर कोरून दोन दिवस तसंच ठेवलं तर आतलं तेल पृष्ठभागावर येतं आणि वर कोरीव कामाची भुकटी बसते. उपाय सोपा आहे: चिकटवायच्या दिवशीच ८० नंबरच्या कागदाने तळ आणि कडा ताज्या घासा, ॲसिटोनचा बोळा एकदाच एका दिशेने फिरवा, तो उडून जाऊ द्या आणि दहा-पंधरा मिनिटांत इपॉक्सी लावा. तोच बोळा पुन्हा फिरवला तर निघालेलं तेल परत पसरतं.

उलट, थर लाकडाला चिकटलेला आणि खड्याची पाठ काचेसारखी चकचकीत, तर चूक दगडाच्या बाजूची. दगडाच्या चकत्या तेल किंवा साबणपाण्यावर कापतात आणि पैलू पाडताना मेणाने किंवा लाखेने काडीला लावतात. त्याचा अंश पाठीवर राहतो. त्यात पाठ गुळगुळीत असली की इपॉक्सीला धरायला काहीच उरत नाही. पाठ ८० ते १२० नंबरच्या डायमंड बरने (हिऱ्याचे कण लावलेल्या छोट्या फिरत्या हत्याराने) आडवी-उभी ओरखडा, भांड्यांच्या साबणाने धुवा, रात्रभर वाळवा, मग ॲसिटोन. पाठीला चमक हवी कशाला? ती कुणाला दिसत नाही.

फिरोजाच्या बाबतीत मात्र थांबा. बाजारातला पुष्कळ फिरोजा मेण किंवा राळ मुरवलेला असतो आणि बराचसा फिरोजा नसतोच, रंगवलेला हाउलाइट असतो. ॲसिटोनचा पांढरा बोळा पाठीवर दाबून फिरवा. बोळा निळा झाला किंवा ओरखड्यातून पांढरा दगड दिसला तर तो बहुधा हाउलाइट. तो जडवायला हरकत नाही, पण ॲसिटोनने धुवायचा नाही, आणि ग्राहकाला फिरोजा म्हणून विकायचा नाही.

थर दोन्हीकडे अर्धा-अर्धा, अतिशय पातळ आणि पारदर्शक दिसला तर क्लॅम्प जास्त आवळला आहे. इपॉक्सीला मध्ये जाडी लागते, सुताराच्या डिंकासारखी दाबून बाहेर काढायची नसते. थर रबरासारखा लवचीक असेल किंवा त्यात नख रुतत असेल तर मिश्रण चुकलं. ॲरल्डाइट स्टँडर्ड आकारमानाने निम्मं-निम्मं घ्यायचं असतं. वजनाने घेणार असाल तर राळ १०० भाग आणि हार्डनर ८० भाग. वजनकाट्यावर निम्मं-निम्मं घेतलं की हार्डनर जास्त होतो आणि थर कधीच पुरता कडक होत नाही. पाच मिनिटांत बसणारी इपॉक्सी या कामाला वापरूच नका. ती पाणी आणि उष्णता दोन्हीला लवकर हरते.

आणखी एक खूण पावसाळ्यातच दिसते. दगडाची भुकटी मिसळून दोन थरांत भरलेल्या रेषा वरच्या थरासकट पापुद्र्यासारख्या सुटतात. दमट हवेत इपॉक्सी बसत असताना हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून वर मेणचट पडदा धरतं. दुसरा थर त्या पडद्यावर बसतो, खालच्या इपॉक्सीवर नाही. हा पडदा पाण्यात विरघळतो, ॲसिटोनने तो नुसता पसरतो. म्हणून पहिला थर बसल्यावर कोमट पाणी आणि घासणीने धुवा, वाळवा, १२० नंबरने खरबरीत करा आणि मग दुसरा थर द्या.

तळाशी तपकिरी रेघ असेल तर पाणी पात्याच्या पट्टीपर्यंत, म्हणजे मुठीच्या आत जाणाऱ्या पात्याच्या भागापर्यंत, पोचलं आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि खड्याला खालून उचलतो. कमानपाट्याच्या किंवा बेअरिंगच्या पोलादाला हे फार लवकर होतं. अशा मुठीत नुसता खडा चिकटवून उपयोग नाही. मुठीची लाकडी फळी काढून पट्टी साफ करावी लागते.

लाकूड किती हलतं, त्याचा हिशेब

हवेतला दमटपणा ४० टक्के असेल तर लाकूड साधारण साडेसात टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. दमटपणा ८५ टक्क्यांवर गेला की हाच आकडा १८ टक्क्यांच्या आसपास जातो. पॉलिश केलेली मूठ इतकी पूर्ण बदलत नाही, तरी पाचेक टक्क्यांचा फरक धरून चालावं. साग-शिसवीसारखं लाकूड रेषेला आडवं, दर टक्का ओलाव्यामागे साधारण ०.२ टक्के फुगतं. म्हणजे २५ मिमी रुंदीची फळी पाव मिलिमीटरने वाढते. १२ मिमी रुंदीचं घर ०.१२ मिमीने वाढतं. रेषेच्या दिशेने, म्हणजे मुठीच्या लांबीत, बदल जवळपास नसतोच.

घर वाढतं, हे नीट लक्षात घ्या. लाकूड भिजून फुगलं की खड्याला जास्त घट्ट धरेल असं वाटतं. प्रत्यक्षात फळी फुगते तेव्हा तिच्यातलं भोकही त्याच प्रमाणात मोठं होतं. म्हणून श्रावणात मुठीच्या लांबीशी समांतर असलेल्या दोन कडांना फट पडते. उन्हाळ्यात फळी आकसते, घर लहान होतं, मधला दगड एक केसभरही आकसत नाही आणि लाकूड कोपऱ्यातून फाटतं. पावसाळ्यातली फट आणि शिमग्यातली चीर ही एकाच कारणाची दोन रूपं आहेत. ज्या मुठीत फट फक्त लांबीच्या कडांना आहे आणि आडव्या कडा घट्ट आहेत, तिथे दुसरं कारण शोधत बसू नका.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) मिळेल. फट डोळ्याने ठरवू नका, त्याच्या पात्यांनी मोजा. ०.०५ मिमीची पाती जात असेल तर काळजी घ्यायची वेळ आहे, ०.१० ची आरपार गेली तर खडा काढावा लागणार.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो मुठीच्या पूर्ण रुंदीचा दगडाचा पट्टा, म्हणजे लाकूड, दगड, पुन्हा लाकूड असं जोडलेलं काम. दिसायला देखणं असतं. पण तिथे दगड लाकडाच्या कापलेल्या टोकाला चिकटवलेला असतो, आणि टोकाचं लाकूड इपॉक्सी पिऊन टाकतं, सांध्यात काही उरत नाही. शिवाय पावसात लाकूड दगडाच्या दोन्ही बाजूंनी वर येतं आणि हाताला पायरी लागते. हा पट्टा करायचाच असेल तर टोकाला आधी पातळ इपॉक्सीचा एक हात देऊन तो अर्धवट बसू द्या, मग जोडाचा थर द्या. आणि दगडाच्या दोन्ही अंगांना ०.८ ते १ मिमीचा व्हल्कनाइज्ड फायबरचा (कागदापासून केलेला चिवट) पत्रा घाला. तो थोडी ओढ सोसतो. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर शोभेला चांगलं, पण ओढ सोसायला त्याचा काही उपयोग नाही.

लाकूड मुरवल्याशिवाय घर कोरू नका

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत उघड्यावर ठेवलेल्या लाकडाची मूठ करणं टाळावं. काम थांबवणं शक्य नसेल तर फळ्या बंद पेटीत, ४० वॉटच्या साध्या, तापणाऱ्या तारेच्या दिव्याखाली ठेवा. दिवा फळीपासून एक वीतभर लांब हवा. ओलावा मोजायचं यंत्र नसलं तरी चालतं, ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा पुरतो. दर सकाळी फळी तोला आणि वजन लिहून ठेवा. सलग तीन दिवस वजन बदललं नाही की लाकूड स्थिर झालं. पण दिव्याखाली ते अगदी कोरडं होतं, म्हणून पेटीतून काढून एक दिवस खोलीत ठेवा आणि मग घर कोरा. दहा ते बारा टक्क्यांवर केलेलं घर दोन्ही मोसमांच्या मध्ये पडतं, त्यामुळे फट आणि चीर दोन्हींची ओढ निम्मी राहते.

घराचे कोपरे काटकोनी ठेवू नका. निदान २ मिमीची गोलाई द्या आणि खड्यालाही तशीच. चीर नेहमी काटकोनातून सुरू होते. लांबीच्या दोन्ही कडांना ०.१० ते ०.१५ मिमी जागा सोडा. खडा "अगदी फिट" बसवण्यात कौशल्य आहे असं मानलं जातं, पण लाकडात बसवताना तेच कौशल्य अंगाशी येतं. आडव्या कडांना ०.०५ पुरेसं.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे दगडाचं ओझं लाकडावर टाकायचंच नाही. सोनार खडा कोंदणात बसवतो, थेट कशात रुतवत नाही. तसंच इथे करा. १ मिमी पितळी पत्र्याचा तळ आणि १.५ मिमीच्या पट्टीची चौकट चांदीच्या झाळणीने जोडा. सगळे खडे त्या चौकटीत जडवा आणि चौकट खालून पात्याच्या पट्टीला दोन ३ मिमी पितळी पिनांनी धरा. भोवतीचं लाकूड चौकटीला चिकटवायचं नाही, ०.१५ मिमी मोकळं सोडून त्या फटीत मेण भरायचं. लाकूड वाटेल तेवढं फुगू दे. वेळ दीडपट लागतो. महागाच्या दगडाला तो द्यावाच.

पिना ठोकायचं काम दगड बसवण्याआधी पूर्ण झालं पाहिजे. खड्यापासून ५ मिमीच्या आत पिनेचं डोकं ठोकलं तर तडा लगेच दिसत नाही, पॉलिशच्या वेळी उघडतो.

दुरुस्ती

सर्वात आधी पात्याच्या धारेवर जाड पुठ्ठा आणि वर चिकटपट्टी. धार मोकळी ठेवून मुठीवर जोर लावू नका.

अर्धवट सुटलेला खडा काढायला दोन वाटा आहेत. अकीक, जास्परसारखा कणखर दगड असेल तर हॉट एअर गन कमी आचेवर, लांबून, हलवत राहून. ६० अंशांच्या पुढे साधारण बसलेली इपॉक्सी नरम पडायला लागते, १०० च्या आसपास खडा पातळ पात्याने उचलता येतो. पात्यावर ओलं फडकं गुंडाळा. पोलादाला १५० अंशांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, नाहीतर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरायची भीती. फिरोजा, मॅलाकाइट, लाजवर्द, शिंपला, प्रवाळ यांना मात्र आच लावू नका. त्यांच्यासाठी मूठ तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढून लगेच घराच्या कडेने पातळ पातं सरकवा. गारठलेला थर ठिसूळ होतो आणि बहुधा एकसंध सुटतो.

तळ कोरून जुना थर पूर्ण काढा. जुन्या इपॉक्सीवर नवी चढवली तर जोड जुन्याच्याच ताकदीचा राहतो. एका मुठीला २ मिली राळ आणि २ मिली हार्डनर भरपूर होतं. दोन्ही ट्यूबा दहा मिनिटं चाळीसेक अंशांच्या पाण्यात उभ्या ठेवा, मग राळ पातळ होते आणि बुडबुडे कमी येतात. मिसळताना फरशीच्या तुकड्यावर तीन मिनिटं, कडा खरवडत मिसळा. कडेची न मिसळलेली राळ हेच पुष्कळदा एखादा कोपरा चिकट राहण्याचं कारण असतं.

कडेच्या रेषेला रंग हवा असेल तर त्याच दगडाची भुकटी मलमलीतून गाळून राळेच्या आकारमानाएवढीच घाला. काळी रेषा हवी असेल तर काजळीची चिमूट पुरते. जास्त घातली तर थर ठिसूळ होतो.

थर किती जाड बसेल हे नशिबावर सोडू नका. लवचिक केबलमधली एक बारीक तार सोला. ती साधारण ०.२ मिमीची असते, पण व्हर्नियरने मोजून घ्या. तिचे दोन छोटे तुकडे तळाशी ठेवले की खडा त्यांच्यावर टेकतो आणि खाली हवा तेवढा थर राहतो. दाब सायकलच्या ट्यूबच्या पट्टीचा, दोन वेढे, बास. लोखंडी क्लॅम्प नको. चोवीस तास हात लावायचा नाही, पावसाळ्यात अठ्ठेचाळीस.

घासताना होणारं नुकसान

चांगला चिकटवलेला खडा घासताना सैल होतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बेल्ट ग्राइंडरवर दगड तापतो, खालचा थर नरम पडतो, त्याच क्षणी बेल्ट खड्याला आडवा ढकलतो. गार झाल्यावर सगळं ठीक दिसतं आणि दोन महिन्यांनी तो कोपरा पोकळ वाजतो. पितळ आणि पोलाद वेगवेगळे प्रसरण पावतात म्हणून खडा सुटतो, असं कारण सांगितलं जातं. पण १०० मिमी लांबीत ४० अंश फरकाला दोघांतलं अंतर जेमतेम ०.०३ मिमी पडतं. खरा अपराधी नरम पडलेला थर. खड्यावर बोट ठेवून तीन सेकंद टिकत नसेल तर थांबा.

आकार येईपर्यंत ओलं काम करा. १२०, २२०, ४००, ६००, १००० आणि शेवटी २००० नंबर, प्रत्येकाखाली लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा कडक ठोकळा. नुसत्या बोटाने किंवा स्पंजने घासलं तर मऊ लाकूड खोल जातं आणि अकीक टेकडीसारखा वर राहतो. अकीक कडकपणाच्या मापावर ६.५ ते ७, फिरोजा ५ ते ६, मॅलाकाइट ३.५ ते ४. एकाच मुठीत अकीक आणि मॅलाकाइट शेजारी ठेवले तर मधली पायरी टाळणं फार अवघड, म्हणून अशी जोडीच करू नये. ओल्या कामाआधी लाकडावर पातळ फेविक्विकचा हात द्या, नाहीतर पाणी मुरून आधीची सगळी वाळवणूक वाया जाते. अकीक आणि जास्परच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, मॅलाकाइटमध्ये तांबं. पाणी आणि एन-९५ मास्क, दोन्ही हवेत.

स्वयंपाकघरातल्या सुरीला कोणता दगड

लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो यांच्या आंबटाने मॅलाकाइट, प्रवाळ, शिंपला आणि लाजवर्दमधला पांढरा कॅल्साइट खाल्ला जातो. आधी चमक जाते, मग कड झिजते आणि त्या झिजलेल्या कडेतून पाणी थरापर्यंत पोचतं. मटणाचं वाटण करणाऱ्या घरात हळदीचा डाग सच्छिद्र फिरोजात आणि हाउलाइटमध्ये कायमचा बसतो. रोज धुतल्या जाणाऱ्या सुरीला अकीक, जास्पर किंवा ऑनिक्स, एवढेच द्यावेत. बाकीचे दगड शोभेच्या सुरीला.

आपल्याकडचा दगड वापरायचा मोह होतोच, आणि तो योग्यही आहे. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टला १००० नंबरच्या पुढे सुंदर मंद झळाळी येते आणि त्याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत अकीकही सापडतो. जांभा मात्र टाळा. तो स्पंजासारखा पाणी पितो, त्याच्या छिद्रांत इपॉक्सी मुरून रंग काळवंडतो आणि ओल्या हातावर तांबडा गाळ येतो.

मुठीचं शेवटचं पॉलिश चपड्याचं नको, पाण्याने ते पांढरं पडतं. उकळलेलं जवसाचं तेल तीन हात, प्रत्येक हातानंतर एक दिवस, पण हे सगळं खडे चिकटवून पुरे बसल्यावरच. तेलाचे बोळे चुरगळून टोपलीत टाकू नका. ते आपोआप पेट घेतात, म्हणून पाण्यात बुडवून मग फेका.

दुरुस्त केलेली मूठ देताना घराच्या पात्याकडच्या टोकापासून सुरू करून, फीलर गेजने कडांची मापं घेऊन कागदावर लिहून ठेवा. ऑगस्टअखेरीला आणि मार्चअखेरीला तीच मापं पुन्हा घ्या. लांबीच्या कडेला ०.०५ ची पाती आत जाते पण टिचकीला आवाज भरीव येतो, तर खडा काढू नका. लाकूड दिव्याखाली दोन दिवस वाळवा, फट मिटली की तिच्यावर मेण चोळा. आवाज पोकळ आला तरच पुन्हा पहिल्यापासून, खडा उलटा करून.